तेरा फुटांची काठी

“चिकटवून टाका, काका,” ती म्हणाली. “सांधाच नको. एकसंध करून टाका.” मी तेव्हा दुसऱ्याच कुणाच्या तरी काठीच्या कडीला दोरा गुंडाळत होतो. तो हातातून सुटला आणि सकाळपासून घातलेले सगळे वेढे उलगडले. बत्तीस वर्षं मी समुद्रावरच्या गळाच्या काठ्या दुरुस्त करतोय. लोक येतात, सांधा डुगडुगतो म्हणतात, बसत नाही म्हणतात, निघत नाही म्हणतात, आणि निघत नाही म्हणणाऱ्यांचा तर आवाजही जरा रडवेला असतो. पण सांधा बुजवून टाका असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. म्हणणार तरी कोण? तेरा फुटांची काठी दोन तुकड्यांत सुटी होते म्हणून तर ती माणसाबरोबर लिफ्टमध्ये उभी राहते, बसमध्ये कंडक्टरची बोलणी खात का होईना कोपऱ्यात मावते. सुटी न होणारी काठी म्हणजे घरातला एक वासा, त्यावर फार तर कपडे वाळत घालावेत. मी तिला हे गमतीनं म्हणणारच होतो, तेवढ्यात तिनं काउंटरवर आडवी ठेवलेली पिशवी मला दिसली. जुन्या पडद्याच्या कापडाची, तोंडाला बुटाची नाडी ओवलेली. ती पिशवी माझ्यासमोर शिवली गेली होती. गंमत माझ्या तोंडातच राहिली.

ती म्हणजे वस्तादांची मुलगी. दुकान वस्तादांचं, पाटीवर नाव बदलून दहा वर्षं झाली तरी मी अजून त्यांच्या बाकाच्या डाव्या अंगालाच बसतो, उजवं अंग मोकळं ठेवून. सव्विसाव्या वर्षी विमा कंपनीतली कारकुनी सोडून मी इथं आलो तेव्हा ही दहा वर्षांची होती, शाळा सुटली की दुकानाच्या पायरीवर बसून पेन्सिलीचं टोक कुरतडायची. आता ती इस्पितळात एक्स-रे काढते आणि तिच्या कानशिलावरचे केस माझ्यापेक्षा जास्त पांढरे झालेत. गिऱ्हाइकं वस्तादांना त्यांच्या माघारी ‘बोटभर’ म्हणायची, कारण दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा : बोटभर ठेवलंय ना? काठीच्या खालच्या तुकड्याच्या टोकाला एक भरीव खुंटी असते, ती वरच्या तुकड्याच्या पोकळ बुडात जाऊन बसते. एवढाच तो सांधा. पण नवा सांधा पुरता मिटत नाही, मिटायचाही नसतो. दोन तुकड्यांच्या मध्ये बोटभर, म्हणजे आडव्या बोटाएवढी, खुंटी उघडी राहायला हवी. नवख्या माणसाला वाटतं, काम कच्चं राहिलंय, आणि तो दातओठ खाऊन तुकडे आणखी आत दाबतो. ती उघडी जागा म्हणजे सांध्याचं शिल्लक राहिलेलं आयुष्य. खुंटी झिजते तसा वरचा तुकडा दर वर्षी केसभर खाली उतरतो, आणि ज्या दिवशी दोन्ही तुकडे एकमेकांना टेकतात त्या दिवसापासून खुंटी आतून धरायचं थांबवते. मग काठी फेकताना खट् असा बारीक आवाज येतो. मासे पकडणाऱ्याला तो ऐकू येत नाही. वस्तादांना दुकानासमोरून जाणाऱ्या माणसाच्या खांद्यावरच्या काठीतून तो ऐकू यायचा, ते हाक मारून त्याला आत बोलवायचे, आणि तो माणूस उगाचच दुखणं काढल्यासारखा वैतागून आत यायचा.

“मंगळवारी पुन्हा गेले,” ती म्हणाली. उभीच होती. मी स्टूल पुढे केलं तर त्यावर तिनं पर्स ठेवली. “धक्क्याच्या पलीकडच्या खडकांवर. भरती चढत होती. पहारेकऱ्यानं पाहिलं तेव्हा कमरेएवढ्या पाण्यात होते. काठी फेकली म्हणे, आणि वरचा अर्धा भाग सुटून पाण्यात गेला. तो आणायला उतरले. एक चप्पल गेली, गुडघा फुटला, दोन माणसांनी काखेत हात घालून वर ओढलं. आणि तुकडा मात्र हातात. शेवटपर्यंत सोडला नाही.”

“रीळ होतं का लावलेलं?” मी विचारलं. काय बोलावं ते कळेनासं झालं की माणूस धंद्यातलंच काहीतरी विचारतो.

“रीळ मी कधीच काढून ठेवलंय. गळ पण. नुसती काठी घेऊन जातात. नुसतीच फेकतात.”

मी पिशवीची नाडी सोडली, दोन्ही तुकडे बाहेर काढले आणि तिच्याकडे पाठ करून खिडकीच्या उजेडात धरले, जणू मला फार बारकाईनं बघायचं होतं. बघायचं काहीच नव्हतं. त्या सांध्यात काय होतं ते जगात मला एकट्याला ठाऊक होतं. आठ महिन्यांपूर्वी ती अशीच आली होती, इस्पितळाच्या वाटेवर, घाईत. सांधा डुगडुगतो म्हणून दिवसभर चिडचिड करतात, जरा बघता का, म्हणाली होती. मी पाहिलं होतं. तुकडे टेकलेले, जागा शून्य. आणखीही पाहिलं होतं. गळाची दोरी जाते त्या कड्यांमध्ये धूळ बसलेली, दोरीचा एकही ताजा ओरखडा नाही, आणि खुंटीवर मात्र गोलगोल रेघा, पिळून घातल्याच्या आणि पिळून काढल्याच्या, दिवसाला चाळीस-पन्नास वेळा तरी. काठी समुद्रावर न जाता झिजत होती. हे वाचायला मला त्यांनीच शिकवलेलं, कुठल्या झिजेमागं कुठला हात आहे ते. तेव्हा तो माणूस घरात बसून दिवसभर काय करतो हे मला त्या खुंटीनं सरळ सांगितलं होतं. यावर उपाय दोनच. खरा उपाय म्हणजे वरच्या तुकड्याचं बूड चार-पाच मिलिमीटर कापायचं, कड पुन्हा दोऱ्यानं आवळायची, खुंटीवर वार्निशचे पातळ हात द्यायचे, वाळवायचे, पॉलिश पेपरनं उतरवायचे, पुन्हा द्यायचे. याला चार दिवस लागतात, आणि शेवटी काठी मालकाच्या हातात देऊन बघावी लागते, कारण प्रत्येकाचा हात वेगळ्या जोरानं दाबतो. म्हणजे मला त्यांच्या घरी जावं लागलं असतं. दुसरा उपाय मेणबत्तीचा. खुंटीवर मेण घासलं की सांधा घट्ट बसतो, गिऱ्हाईक खूश होतं, आणि चार उन्हं लागली की मेण मऊ पडून सगळं पुन्हा होतं तसं. मेण लावायचं असेल तर दुकानाबाहेर जाऊन लाव, असं वस्तादांनी मला पहिल्याच आठवड्यात सुनावलं होतं. मी दुकानात बसूनच लावलं. पाच मिनिटं लागली. ‘झालं,’ म्हणालो. ‘तुम्ही आहात म्हणून,’ ती म्हणाली होती आणि बस पकडायला पळाली होती.

चार वर्षांपूर्वी मी त्यांच्या घरी शेवटचा गेलो होतो. दार त्यांनीच उघडलं, मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि ‘दुकान बंद आहे, उद्या या’ म्हणाले, अगदी सभ्यपणे, कुणाही अनोळखी गिऱ्हाइकाला म्हणावं तसं. मी पायऱ्या उतरलो तो पुन्हा चढलोच नाही. अशा वेळी लोक म्हणतात, बघवत नाही म्हणून जात नाही. माझं तसं काही नव्हतं. मला राग आला होता. बावीस वर्षं एका बाकावर बसून या माणसाचा खोकला, त्याची चहाची वेळ, उजव्या करंगळीचं न वाकणारं पेर मी पाठ केलं होतं, आणि यानं मला पाटीवरच्या खडूसारखं पुसून टाकलं. असा तो सरळ आणि खुळा राग. त्यात त्यांचा काही दोष नाही हे मला कळत होतं, पण कळण्याचा आणि रागाचा काय संबंध? मग राग गेला आणि लाज राहिली; इतके महिने गेलो नाही तर आता कुठल्या तोंडानं जाऊ, ही लाज. ती तर महिन्यागणिक वाढतच जाते. आणि त्या लाजेपायी मी मेण लावलं, मेण सुटलं म्हणून वरचा तुकडा उडाला, आणि तुकडा उडाला म्हणून एक्याऐंशी वर्षांचा माणूस भरतीच्या पाण्यात उतरला. हे सगळं मला खिडकीशी उभं राहून इतकं स्पष्ट दिसत होतं, की मागं वळून तिला सांगून टाकावं असं वाटलं. वळलो, आणि दोन्ही तुकडे पिशवीत सारले.

“दाराला कुलूप लावून बघ ना,” मी म्हणालो.

“बघितलं. दोन तास दारावर डोकं आपटत होते. शेजारच्या बाईंनी फोन करून मला कामावरून बोलावून घेतलं.”

“मग काठीच लपवून ठेव.”

“पलंगाखाली ठेवली, माळ्यावर ठेवली, शेजारी ठेवली. तीन दिवस जेवले नाहीत. मला चोर म्हणाले, काका. पोटच्या पोरीला. सगळी कपाटं उपसून मधे बसून राहिले.” तिनं पर्स उचलून पुन्हा ठेवली. “काठीशिवाय ते उंबरठा ओलांडत नाहीत, एवढी एकच गोष्ट माझ्या बाजूनं आहे. काठी हातात असली की घरात गुण्यागोविंदानं असतात. जोडतात, काढतात, पुन्हा जोडतात. पण काढल्यावर कधीतरी पिशवीत घालतात, आणि एकदा पिशवीत घातली की निघालेच. म्हणून म्हणते, काढताच येऊ नये. आमचं घर तुम्हाला माहितीये. जोडलेली काठी त्या दारातून वळत नाही.”

“मी सांधा नीट करतो,” मी म्हणालो. “खरंच नीट. आणि दर रविवारी मी स्वतः त्यांना धक्क्यावर घेऊन जातो. बसू तिथं दोन तास. हात धरून बसतो.”

“आणि सोमवारी?”

हे तिनं टोचून विचारलं असतं तर मला भांडता आलं असतं. तिनं साधंच विचारलं, एक्स-रेच्या टेबलावर माणसाला कुठं दुखतं ते विचारतात तसं. सोमवारी दुकान होतं. मंगळवारीही होतं. माझ्या हातात खरोखर काय आहे याचा हिशेब मी मनाशी करत राहिलो आणि प्रत्येक वेळी हातात दोन ट्यूब मिसळून लावायचा, दगडासारखा घट्ट होणारा गोंदच उरत होता. “विचार करतो,” मी म्हणालो. “परवा उधाण आहे, काका,” ती म्हणाली. “पहारेकऱ्यानं मुद्दाम सांगितलंय. खडक सगळे पाण्याखाली जातात.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेलो. काठी जोडलेल्या स्थितीतच चिकटवायची म्हणजे ते घरातच करणं भाग होतं. तिनं दुकानात ठेवून गेलेली काठीची पिशवी खांद्याला, खिशात गोंदाच्या दोन ट्यूब, पॉलिश पेपर, स्पिरिटची बाटली, चिंध्या आणि मोजपट्टी. मी आत जाण्याआधी जिना मोजला, याचं मला अजून नवल वाटतं. तिसऱ्या मजल्यावर दारासमोर चार फुटांवर भिंत, डावीकडे लिफ्ट, उजवीकडे जिना आणि तो सातव्या पायरीला वळतो. जोडलेली काठी टोकाकडून बाहेर काढून, टोक वाकवत वाकवत, जिन्याच्या पोकळीत वर सोडून कदाचित बाहेर येऊ शकली असती. पण तसं करताना टोक मोडण्याची भीती होती, आणि वस्ताद जन्मात कधी काठीचं टोक भिंतीला लावणार नाहीत. भान गेलं, माणसं गेली, घरचा पत्ता गेला, पण हे जाणार नाही याची मला खात्री होती. त्यांना कोंडायला लागणारा शेवटचा फूटभर अडसर त्यांच्याच शिस्तीतून येणार होता, आणि ती शिस्त माझ्याइतकी कुणाला माहीत नव्हती म्हणून मुलीनं मलाच बोलावलं होतं. मोजपट्टी गुंडाळताना ती सटकन् बोटावर बसली.

ते खिडकीपाशी खुर्चीत होते. अंग आटलं होतं, सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती सैल उभी होती, गुडघ्याला पट्टी. हात मात्र तेच, तेवढेच जाड, जणू उरलेला माणूस दुसऱ्याच मापाचा घेऊन त्या हातांना जोडला होता. “या,” ते म्हणाले. “काठी दाखवायचीये का?” मी हो म्हणालो. त्यांनी समोरच्या पलंगावर बसायची खूण केली आणि त्यांचीच काठी माझ्या हातातून घेऊन, माझी समजून तपासली. खुंटीवर अंगठा फिरवला. थांबले. अंगठा नाकाशी नेऊन वास घेतला.

“मेण लावलंय कुणीतरी,” ते म्हणाले.

“हो.”

“कुठं दिली होतीत?”

“एका दुकानात.”

“अशा माणसाकडं परत जाऊ नका,” ते म्हणाले, आणि त्यात संताप काही नव्हता, नेहमीचा सल्ला होता. स्वयंपाकघरात मुलगी भांडं विसळत होती, तिनं ऐकलं की नाही कोण जाणे; पाणी वाहायचं थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. ऐकलं असावं असं मला तेव्हा वाटलं, आणि आतून थोडं बरं वाटलं, म्हणजे आता सांगायला नको. पण नंतर ती टॉवेल घेऊन बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, आणि विचारण्याइतकं धैर्य माझ्याकडं नव्हतं, आजही नाही.

मी म्हणालो, मी इथंच करतो दुरुस्ती, तुम्ही बघा. त्यांना ते आवडलं. खुर्ची पुढे सरकवून बसले. मी स्पिरिटनं मेण पुसून काढलं, आतूनही, काडीला चिंधी गुंडाळून. मग खुंटी पॉलिश पेपरनं घासायला घेतली, आडवी, कारण गुळगुळीत खुंटीला गोंद धरत नाही. ही त्या सांध्याला गुळगुळीतपणाकडून उलट नेणारी घासणी होती. सांधा राखणाराही पेपर वापरतो आणि सांधा संपवणाराही, फक्त दिशा वेगळी. त्यांच्या लक्षात येऊ नये म्हणून मी खुंटी जरा तिरपी धरली होती. त्यांनी पाहिलं. “खरखरीत ठेवताय,” ते म्हणाले. “वार्निश धरायला हवं म्हणून,” मी म्हणालो. “बरोबर,” ते म्हणाले. त्यांनी माझ्यावर विश्वास टाकला होता. कधी काळी मी बोटभर जागा ठेवायला विसरलो तर हाच माणूस अख्खी काठी माझ्या पुढ्यात आदळायचा. तेव्हा मला वाटायचं, एकदा तरी यानं न तपासता ‘बरोबर’ म्हणावं. बावीस वर्षांत म्हणाला नाही.

“हात चांगला आहे तुमचा,” ते म्हणाले. “कुणाकडं शिकलात?”

मी खुंटीवरची भुकटी फुंकली. “तुमच्याकडं.”

ते हसले, तोंडावर हात ठेवून, दात नसलेल्या माणसासारखे. “माझ्याकडं एकच होता. कारकून होता. पहिली दोन वर्षं दोरा गुंडाळायचा तो फायलीला नाडी बांधल्यासारखा.” मुलगी टॉवेल खांद्यावर घेऊन दारात उभी राहिली होती. “फार सावकाश. एक सांधा आठ दिवस धरून बसायचा. गिऱ्हाइकं बोंबलायची. पण मी कधी त्याला घाई केली नाही.” हे साफ खोटं होतं, रोज घाई करायचे, त्यावरून आमचं कितीदा वाजलं. “आता कुठं असतो तो?” मी विचारलं. हा प्रश्न मी का विचारला ते मला माहीत आहे आणि त्याची मला शरम वाटते. मला हावरटासारखं आणखी ऐकायचं होतं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. “दुकानातच असणार,” ते म्हणाले. “तो कुठं जाणार?”

“चला बाबा, आंघोळ,” मुलगी म्हणाली. “पाणी निवतंय.” ते उठले, काठीकडं बोट करून मला म्हणाले, “असू दे तसंच, मी आलोच.” न्हाणीघराचं दार लागलं. दोन्ही ट्यूब मी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पिळल्या, काडीनं ढवळल्या, खुंटीला मुळापासून टोकापर्यंत लावल्या, वरच्या तुकड्याच्या आतही लावल्या, आणि वरचा तुकडा घातला, कड्या एका रेषेत आहेत ना ते एक डोळा मिटून पाहिलं, थोडं फिरवलं, पुन्हा पाहिलं. कधीच निघणार नव्हत्या त्या काठीच्या कड्या मी रेषेत आणत बसलो होतो. बाहेर आलेला गोंद चिंधीनं पुसला. खुंटी झिजलेली होती म्हणून तुकडा घालतानाच कागदाची पातळ गुंडाळी आत देऊन बोटभर जागाही मी ठेवली होती. हे मी ठरवून केलं नाही, हातांनी केलं, मी नंतर पाहिलं. न्हाणीघरातून तांब्याचा आवाज येत होता आणि ती त्यांना सांगत होती, डोळे मिटा, बाबा, साबण जाईल. मग मी काठी कपाटाच्या डोक्यावरून खिडकीच्या गजापर्यंत आडवी ठेवली, चोवीस तास हलवू नकोस म्हणून चिठ्ठी लिहिली, आणि ते बाहेर यायच्या आत निघून गेलो. चोरासारखा, चपला हातात घेऊन.

उधाण आलं आणि गेलं. मी धक्क्यावर जाऊन पाहिलं. खडक खरंच पाण्याखाली होते, लाटा रस्त्याच्या कठड्यापर्यंत येत होत्या, पहारेकरी लोकांना मागं हटवत होता. त्या गर्दीत मी एकेक म्हातारा तपासत होतो. कुणीच नव्हतं. मला हायसं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, नाही असं नाही. तो माणूस जिवंत होता, कोरड्या जमिनीवर होता, आणि ते माझ्यामुळं होतं. हे मी स्वतःला पुढचे तीन आठवडे सांगत राहिलो. दुकानात येणाऱ्या प्रत्येक काठीचा सांधा आता मी उगाचच दोन-दोनदा काढून बघायचो, निघतोय ना. एका गिऱ्हाइकानं विचारलंही, काय हो, काही बिघडलंय का? शेवटी मी फोन केला. “शांत आहेत का?” मी विचारलं. “घरात आहेत,” ती म्हणाली. आणि मग म्हणाली, “एकदा येऊन जा, काका. माझ्याच्यानं बघवत नाही.”

रविवारी सकाळी गेलो. हॉलमधलं टीपॉय, खुर्च्या, सगळं भिंतीला सारलेलं होतं आणि काठी कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी, तिच्या मध्यावर वस्ताद जमिनीवर बसलेले. दोन्ही तळव्यांना कापसाच्या पट्ट्या. पट्ट्यांवर पिवळट डाग. “सकाळी सहाला सुरू करतात,” मुलगी हळूच म्हणाली. “जेवायला उठतात. पुन्हा बसतात. मी पट्ट्या बदलते.” पिशवी त्यांच्या मांडीशी घडी करून ठेवलेली होती, नाडी सोडून, तोंड उघडं. त्यांनी वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. मला ओळखलं म्हणून नव्हे. कुणीतरी दुसरं माणूस आलं म्हणून.

“बरं झालं आलात,” ते म्हणाले. “अडकलाय. एकट्यानं नाही निघायचा. हिला सांगितलं तर हिला जमत नाही. दोघं जाणते लागतात.”

ते खरं आहे. अडकलेला सांधा दोघांनीच काढायचा असतो. समोरासमोर बसायचं, प्रत्येकानं एक हात सांध्याच्या या अंगाला धरायचा आणि एक त्या अंगाला, म्हणजे दोघांचा जोर सरळ लागतो आणि काठी मुरगळत नाही. मी मुलीकडं पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी होती. मी नाही म्हणावं अशी तिची इच्छा होती की बसावं अशी, ते मला तिच्या डोळ्यांत दिसलं नाही; बहुधा तिलाही ते ठाऊक नसावं. मी चपला काढल्या, त्यांच्यासमोर मांडी घातली आणि हात ठेवले. त्यांचा पट्टी बांधलेला हात माझ्या हाताला लागून होता, गरम, थोडा ओलसर.

“एक, दोन,” ते म्हणाले, आणि आम्ही ओढलं. म्हणजे त्यांनी ओढलं, मी ओढल्याचा नुसता चेहरा केला. ते लगेच थांबले.

“लटकं लावू नका,” ते म्हणाले. “मला कळतं हातात.”

पुन्हा त्यांनी मोजलं आणि या वेळी मी खरंच ओढलं. अठ्ठावन्न वर्षांच्या अंगात जेवढं होतं तेवढं सगळं लावून ओढलं. खांदा करकरला, डोळ्यांपुढं काजवे आले. तो निघावा असं मला मनापासून वाटत होतं, निघाला तर उद्या काय होईल ते माहीत असूनही वाटत होतं, आणि तो निघणार नाही हेही मला माहीत होतं, कारण स्पिरिटनं पुसून, आडवं घासून, कोपरा न कोपरा भरून मी तो चिकटवला होता. इतकं नेटकं काम गेल्या दहा वर्षांत माझ्या हातून झालं नव्हतं. तिसऱ्यांदा ओढलं. चौथ्यांदा. त्यांच्या पट्टीखालून काहीतरी ओलं माझ्या बोटांवर आलं. मुलगी तोंड फिरवून आत गेली आणि तिनं नळ सोडला. पाचव्यांदा ओढून झाल्यावर ते थांबले, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. वाकून त्यांनी सांधा डोळ्यांजवळ नेला, अंगठ्याचं नख कडेवर ठेवलं आणि सावकाश गोल फिरवलं.

“हलला,” ते म्हणाले. माझ्याकडं त्यांनी असं पाहिलं, की जाणता माणूस म्हणून माझ्या शब्दावर आता सगळं अवलंबून होतं. “केसभर हलला. हो ना?”

“हो,” मी म्हणालो. “हलला.”

त्यांनी मान डोलावली, पट्टी दातानं ओढून घट्ट केली आणि हात पुन्हा जागेवर ठेवले.

“एक,” ते म्हणाले.